फ्रीजमधलं कुरण

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आमच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये नेहमीचाच वाद चालू होता. फ्रीजमधली जागा कुणाची, कोथिंबिरीची की हिमालयाची.

आई वनस्पतीशास्त्राची प्राध्यापक. एकतीस वर्षं, निवृत्तीनंतरही, मे महिन्यात ती उत्तराखंडात तेरा हजार फुटांवर जायची. झाडं संपल्यावर जी कुरणं लागतात, तिथे तिने काही तुकडे आखले होते. निम्म्यांभोवती बिनछपराच्या पारदर्शक पेट्या. आत दीडेक अंश जास्त ऊब. उद्या जग तापलं तर काय होईल, ते आज बघायचं. पुढेपुढे पेटीबाहेरच पेटीइतकं तापू लागलं. जग प्रयोगात इतक्या उत्साहाने भाग घेईल असं तिला वाटलं नव्हतं. बर्फ लवकर वितळायचं, फुलं आधी उरकायची, खालची झुडपं वर चढायची आणि थंडीला सोकावलेली बुटकी रोपं त्यांच्यापुढे आणखी वर सरकायची.

"आणि डोंगर संपला की?" मी एकदा विचारलं होतं.

"मग माझा फ्रीज."

अशा एका नाहीशा झालेल्या रोपाचं उरलंसुरलं बी, काळं आणि बारीक, हळदीकुंकवाला मिळालेल्या स्टीलच्या डब्यात होतं. तो सरकवून मी कोथिंबीर ठेवली.

"ऋता, या वर्षी येतेस?" आईने विचारलं.

"गवत बघायला? खाली सोसायटीत आहे की. प्लास्टिकचं, पण पाणी तरी मागत नाही."

ती हसली. दरवर्षी हसायची. सकाळी चहाला उठली नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना. एपीएमसी मार्केटच्या कावळ्यांना रोज ताजी भाजी आणि फळं. भाताच्या गोळ्याचं त्यांना काय कौतुक! पण गेलेल्याची इच्छा अडकली असणार, असं सर्वानुमते ठरलं आणि वचनं सुरू झाली.

"सुमे, पोरीचं लग्न लावते गं, चाळीस झाली तरी!" मावशी म्हणाली.

कावळा कठड्यावरच.

सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव पुढे आले. पॅसेजमधल्या आईच्या कुंड्या यांनीच उचलायला लावल्या होत्या. "मॅडम, पोडियमवर तुमच्या नावाने हिमालयन लॉन करतो. बारा महिने हिरवं. टेन्शन घेऊ नका."

कावळ्याने पाठ फिरवली. मला तो आवडू लागला.

"आणखी थोडे तीळ वाहा," गुरुजी म्हणाले.

मावशीने पिशवीतून डबा काढून उपडा केला. "संपले. मघाशी भातात मळले ना."

डबा मी ओळखला.

"मावशी, हा कुठून आणलास?"

"तुमच्याच फ्रीजमधला. वर इंग्लिशमध्ये कसल्याशा आजाराचं नाव होतं, ते घासून काढलं. तीळ जुनेच होते हो. कडक."

"सगळे घातलेस?"

"मग? सुमीला हात आखडता घेऊ?"

थंडीसाठी जे रोप जन्मभर डोंगर चढत राहिलं, ते अखेर समुद्रसपाटीला, अडतीस अंशांत, शिजलेल्या भातात पोचलं होतं. मला हसू फुटलं. सगळ्यांना ते रडणं वाटलं. मावशीने पाठीवर हात फिरवला.

"बोल बाई, तूच बोल आता. तिचं काय राहिलंय ते तुलाच ठाऊक."

तिचं काही राहिलं नव्हतं. मी पिंडापाशी बसले.

"आई, तुझं बी तुझ्याच पिंडात गेलं. रागावू नकोस मावशीवर. आणि..." इतका वेळ शूटिंग करणाऱ्या हौसेरावांनी मोबाईल खाली केला. "मला यायचं होतं गं. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. तू विचारायचीस, मी गवताला नावं ठेवायचे, आणि दरवेळी मला तुझ्याबरोबर यायचंच असायचं."