पांढरी माती

हिरडीटोल्यात नळ आले त्या वर्षी सुमित्राबाईनं नळाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला घातली. दोन तास चूल जळली, पण डाळ काही शिजेना, आणि वरून भांड्याला तांबडा थर बसला. तिनं ती डाळ उकिरड्यावर नेऊन ओतली. तेव्हापासून नळाचं पाणी धुण्याभांड्याला आणि पिण्याला झिऱ्याचं, असा कायदा गावात आपोआप ठरला. त्यासाठी कुणी ठराव घेतला नाही की नारळ फोडला नाही. चांगल्या गोष्टी गावात अशाच होतात. नारळ फुटला की समजावं, काहीतरी बिघडणार.

झिरा गावापासून पाऊण मैलावर, नागझिऱ्याच्या जंगलाकडं चढण लागते तिथं, एका जुन्या जांभळीखाली. झिरा म्हणजे काय, तर सुपाएवढा खळगा. पाहुण्याला दाखवला तर तो म्हणेल, एवढंच? पण भर मे महिन्यात, तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारात पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागतात तेव्हाही, त्या खळग्यात वाळूतून पाणी वर येतच असे. वाटीवाटीनं भरायचं. एक गुंड, म्हणजे पितळी घागर, भरायला दहा मिनिटं. ज्याला घाई असेल त्यानं नळावर जावं.

होळी झाली की झिरा उघडायचा. वर्षभराचा पाला, गाळ काढायचा. पहिला हात उईक्यांच्या सुशीलाबाईचा. आधी तो तिच्या सासूचा होता, त्याआधी त्या सासूच्या सासूचा. गोंडांची वस्ती इथं आधीची, म्हणून तो मान त्यांचा. फावडं, सब्बल, घमेलं, कसलंही लोखंड झिऱ्यात घालायचं नाही. हातानं गाळ काढायचा आणि बोटांना खालची पांढरी, लोण्यासारखी चिकट माती लागली की थांबायचं.

सुमित्राबाई नवी नवरी होती तेव्हा सुशीलाबाईनंच तिचा हात धरून त्या मातीवर टेकवला होता. "हे पाय, हा झिऱ्याचा बूड आहे. याले भोक पडलं का पानी खाली जाते. मंग कोनाच्या बापाले सापडत नाही."

त्याला तीस वर्षं झाली. तीस वर्षं दोघी सकाळी जांभळीखाली भेटत होत्या. लेकरांची दुखणी, नवऱ्यांची डोकी, सगळं तिथंच बोलून मोकळ्या होत. सुमित्राबाईचं घर कोहळी जातीचं, पाच एकर धानाची जमीन. सुशीलाबाई विधवा, रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, त्यांच्याच बांधीत मजुरीनं येणारी. झिऱ्यावर दोघी एका वाटीनं पाणी पीत, आणि घरी सुशीलाबाईच्या चहाचा कप वेगळा, पडवीच्या फळीवर पालथा ठेवलेला. हे सुमित्राबाईला तीस वर्षांत एकदाही खटकलं नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

तिचा मुलगा जागेश्वर औंदा उपसरपंच झाला. पोरगा वाईट नव्हता. फक्त त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि अशा माणसाच्या तावडीत जे सापडतं त्याचं काही खरं नसतं. त्यानं झिऱ्यावर योजना मंजूर करून आणली. खळगा खोल करायचा, सिमेंटचं टाकं बांधायचं, तोट्या बसवायच्या, फलक लावायचा.

ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूनं फक्त सुशीलाबाई उभी राहिली.

"टाकं बांधा, नाही कोन म्हनते? पर बाजूले बांधा. झिऱ्याले लोखंड लावसान तं झिरा जाईल. मी सांगून ठेवतो."

सुमित्राबाईचा नवरा सुकराम पुढच्या ओळीत बसला होता. तो मागं वळून हसला. "बाई, आमी कोहळी आहो. आमच्या पूर्वजानं तलाव बांधले म्हनून या मुलखात धान पिकते. पान्याचं आमाले नोको शिकवू. तलाव खोल केला का पानी वाढते, हे लेकराले समजते."

लोक हसले. बोलणं तसं खोटं नव्हतं. तलावाला वरून पाणी मिळतं. तो जितका खोल, तितकं त्यात मावतं. झिऱ्याचं पाणी बाजूनं येतं आणि तळाच्या मातीवर अडून राहतं. पण पिढ्यान्‌पिढ्या तलाव खोदून ज्यांची छाती फुगली, त्यांना प्रत्येक पाणी तलावच दिसतं. हा फरक त्या सभेत दोघींनाच माहीत होता. एक बोलून खाली बसली होती. दुसरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नवरा बोलला, त्याच्यावर चार माणसांत आपण काय बोलावं, असं तिनं स्वतःला समजावलं. घरी गेल्यावर सांगू, म्हणाली. घरी गेल्यावर भात टाकायचा होता.

औंदा झिरा उघडायला सुशीलाबाईला बोलावलंच नाही. जेसीबी आली, सरपंच इंद्रकुमार आला, नारळ फुटला, फोटो निघाले. सुमित्राबाई उपसरपंचाची आई म्हणून पुढं, अगदी खळग्याच्या काठावर उभी होती. नवं लुगडं नेसून. मनात कुठंतरी तिला बरंही वाटत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

यंत्राचं पहिलं बकेट वाळू घेऊन वर आलं. दुसरं गाळ आणि दगड. तिसऱ्या बकेटच्या दातांना पांढरी माती लागली होती.

ड्रायव्हरनं यंत्र थांबवलं. तो आमगावकडचा, त्याला त्या मातीची ओळख नव्हती, पण थांबला तरी. "भाऊ, इथं चिकन माती लागली. बस का?"

"बस काय? आनखी दोन फूट," जागेश्वर म्हणाला.

"जागेश्वर," सुमित्राबाईच्या तोंडून निघालं. "अरे, ते पांढरी..."

"माय, तू मांगं सरक. फोटोत येऊन राहिली."

ती मागं सरकली. नुसतं एकदा ओरडली असती तर? पोरानं चिडून हात झाडले असते, लोक हसले असते, सुकराम दोन दिवस जेवताना बोलला नसता. एवढंच झालं असतं. पण ती मागं सरकली, आणि बकेट खाली गेलं.

त्या दिवशी खड्डा गढूळ पाण्यानं गच्च भरला. माणसं टाळ्या पिटत होती. सुकराम म्हणाला, "पाहा, म्हटलं नोहतं?" दुसऱ्या दिवशी पाणी कमरेखाली आलं. तिसऱ्या दिवशी घोट्याएवढं. चौथ्या दिवशी सकाळी सुमित्राबाई गुंड घेऊन गेली, तर खड्ड्याच्या तळाशी ओली वाळू होती आणि वाळूत बेडकाचं एक पिल्लू तडफडत होतं. तिनं हात घालून चाचपलं. कुठंही चिकट लागेना. सगळा मुरूमच मुरूम.

ती तिथंच बसून रडली. वर जांभळीजवळ सुशीलाबाई आपला गुंड काखेत धरून उभी होती. ती रडली नाही आणि खालीही आली नाही. थोडा वेळ बघून वळली आणि निघून गेली.

आता कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय गावाला अन्न गोड लागणार नव्हतं. जेसीबीवर बोट दाखवायचं म्हणजे जागेश्वरवर दाखवायचं, आणि जागेश्वर उपसरपंच. मग पानठेल्यावर कुणाला तरी आठवलं, की ती बाई सभेत बोलली होती. झिरा जाईल, म्हणाली होती. मी सांगून ठेवते, म्हणाली होती. आणि गेलाच की झिरा! तिला आधी कसं कळलं? मान मिळाला नाही म्हणून तिनंच काहीतरी करून ठेवलं असणार. दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली आणि तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली झाली. कुणी म्हणे, तिला झिऱ्यावर लिंबू टाकताना पाहिलं. कुणी म्हणे, केस मोकळे सोडून फिरताना पाहिलं. सावध केल्याची एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला झाली असेल, तर ते गाव मला ठाऊक नाही.

पोलीस पाटील केवळराम शहाणा माणूस. करणीच्या नावानं गावात बाईला काही झालं तर कायदा लागतो, ठाण्यात जावं लागतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं शाळेच्या वऱ्हांड्यात सगळ्यांना बसवलं आणि सुशीलाबाईला समोर बोलावून विचारलं, "बाई, तुमाले काय म्हनाचं आहे?"

"मले काय म्हनाचं? बुडाची माती फोडली, पानी गेलं. मशीननं फोडली."

"खोटं बोलून राहिली," जागेश्वर उसळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तिथं कोनती माती नोहती. नुसता गाळ होता. मी सोता उभा होतो."

सुशीलाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं बायकांत बसलेल्या सुमित्राबाईकडं तोंड केलं. आवाज चढवला नाही, झिऱ्यावर बोलायची तशीच बोलली. "सुमित्राबाई, तू काठावर होती. पांढरी माती निंगाली का नाही, तू सांग. तुले तं मातीची वळख आहे."

केवळराम म्हणाला, "हो, काकू सांगतील. त्या होत्या."

सुमित्राबाईला सगळं दिसत होतं. बकेटचे दात, त्यांना लागलेला पांढरा लपका. तिला मुलगाही दिसत होता, कपाळावर घाम आलेला. लहानपणी तापात पडायचा तेव्हा असाच दिसायचा. तिनं खरं सांगितलं असतं तर त्याचं उपसरपंचपद फार तर गेलं असतं. पुढच्या बाजूला सुकराम खोकला. तो खोकला तिच्यासाठी होता, हे बाकी कुणाला कळलं नाही, पण तिला बरोबर कळलं.

"माहं ध्यान नोहतं," ती म्हणाली. "लोकं लय होते. मले नाही दिसलं."

सुशीलाबाई तिच्याकडं बघत राहिली. एखादी बाई भांडली असती, बोटं मोडली असती. हिनं फक्त मान हलवली, जणू बाजारात भाव विचारला आणि तो परवडला नाही.

केवळरामनं मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे ज्याला कोणी नाही त्याच्या अंगणातून जाणारा. बाईला कुणी बोट लावायचं नाही, शिवी द्यायची नाही. मात्र गावात आता टँकर येईल, त्याच्या रांगेत तिनं सगळ्यांच्या शेवटी यायचं, आणि नळीला हात लावायचा नाही. दुसऱ्यानं वरून ओतून द्यायचं. लोकांच्या मनाचं समाधान म्हणून. सगळ्यांना हा न्याय फार आवडला. सुकराम तर म्हणाला, केवळराममुळं गावाची अब्रू वाचली.

टँकरचं पाणी औषधाच्या वासाचं. सुकरामला ते घशाखाली उतरेना. डाळ शिजायची, पण तिला दवाखान्याचा वास यायचा. रोज दुपारी रांगेत सुमित्राबाईचा नंबर पुढं असे, आणि सुशीलाबाई दूर लिंबाखाली बसून असे. पाच-सहा दिवस ती तशी बसली. कधी पाणी तिच्यापर्यंत उरलं, कधी नाही. सुमित्राबाईनं एकदाही आपल्या गुंडातलं तिला दिलं नाही. द्यायला उठली होती, एकदा. बायकांनी मागं वळून पाहिलं, तशी बसली.

मग सुशीलाबाई यायचीच बंद झाली. बायका म्हणाल्या, बरं झालं, पीडा गेली. सुमित्राबाई मात्र मनात हिशेब करत राहिली: बाई जिवंत आहे, सकाळी तिच्या घरातून धूर निघतो, मग पिते काय?

आठवड्यानं ती पहाट फुटल्याबरोबर गुंड घेऊन निघाली. मोहफुलं वेचायला चालले, असं घरी सांगितलं. झिऱ्याचा कोरडा खड्डा ओलांडून जंगलाच्या पायवाटेला लागली आणि एका दगडावर बसून राहिली. ऊन कोवळं होतं तोवरच सुशीलाबाई वरून उतरताना दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुंड. तिच्या चालण्यावरून कळत होतं, गुंड भरलेला आहे.

दोघी समोरासमोर आल्या. सुमित्राबाई दगडावरून उठून वाटेत उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "लय दिवस झाले, चांगलं पानी नाही भेटलं."

सुशीलाबाईनं गुंड खाली उतरवला. कमरेची वाटी काढली, भरली आणि पुढं केली. सुमित्राबाईनं ओंजळ केली नाही, वाटीच तोंडाला लावली, जुन्या सवयीनं. पाणी गार होतं, वाळूतून आलेलं, त्याच चवीचं. ती एक वाटी प्याली, दुसरी प्याली, तिसरी प्याली. सुशीलाबाई भरून देत राहिली. पिता पिता सुमित्राबाईच्या डोळ्यांतून धार लागली.

"माहं चुकलं बाई. पोराचं तोंड पाहिलं अन् जीभ नाही उठली."

"पेऊन घे," सुशीलाबाई म्हणाली.

"दुसरा झिरा आहे ना वर? मले जागा सांग. मी एकटीच येत जाईन. शपथ घेतो, कोनाले नाही सांगनार. पोराले नाही, नवऱ्याले नाही."

सुशीलाबाईनं वाटी तिच्या हातातून घेतली, उरलेल्या थेंबानं विसळली आणि कमरेला खोवली. गुंड दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतला. तिला दम लागला होता, म्हणून थोडं थांबली.

"ते मले माहीत आहे वो," ती म्हणाली. "तू कोनालेच काही सांगत नाहीस."

आणि ती गावाकडं उतरून गेली. सुमित्राबाई रिकामा गुंड घेऊन तिथंच उभी राहिली. वर जंगलात कुठंतरी पाणी होतं, आणि ते शोधायचं ठरवलं असतं तर चार-दोन दिवसांत तिला सापडलंही असतं. ती एक पाऊलही वर चढली नाही.