सेट केलेला काटा

कोण म्हणतो मी काटा मारला? त्यानं समोर यावं आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलावं. मिसरूड फुटल्यापासून भिवंडीत गाडी चालवतोय. गोदामातनं सूत उचलायचं आणि नारपोलीच्या लूमवाल्यांना पोचवायचं, हा माझा धंदा. कधी गोणी फुटली असंल, कधी गाडी गटारात रुतली असंल, पण वजनात मारलं असं हिरामणला आजवर कुणी म्हटलं न्हाय. माझा बाप केसरीनाथ भात मोजून देताना पायली भरली की वर मूठभर टाकायचा. आई कुरकुरली की म्हणायचा, राहू दे, तेवढ्यानं कणगी रिकामी व्हायची न्हाय. त्या बापाच्या पोराला चोर म्हणून गेटावर अडवलं. आणि कशावरून, तर अंगठ्याएवढ्या एका सेंसरवरून.

झालं असं की माझ्या पिकअपचा काटा मेला. स्पीडचा काटा, डॅशबोर्डातला. गाडी पळतेय आणि काटा आपला शून्यावर झोपलाय. किलोमीटरचे आकडेही जागचे हलेनात. तशी काट्यावाचून गाडी चालते, आमच्या रस्त्यांवर वेग बघायची वेळ येते कधी? पण कशेळीच्या गोदामवाल्यांनी नियम काढलाय की प्रत्येक फेरीला किलोमीटरचा फोटो पाठवायचा, मीटर बंद असंल तर माल मिळणार न्हाय. बरं, नियम तर नियम. मी आपला शहाण्यासारखा आधीच कळवायला गेलो. टायपिंगचं आणि माझं जमत न्हाय, म्हणून गोदामाच्या ग्रुपवर बोलूनच मेसेज टाकला: "काटा बंद पडलाय. सागरकडं सेट करून घेतो, मग माल उचलायला येतो."

एवढंच बोललो. यात काय वाकडं हाय ते तुम्हीच सांगा.

सागर म्हणजे आमचा मेकॅनिक. त्यानं आधी अख्खा डॅशबोर्ड उचकटला आणि मीटरच गेला म्हणून सांगितलं. कुठनं तरी दुसरा मीटर आणून बसवला, तरी काटा मेलेलाच. मी म्हटलं, बाबा, दुखतंय पोटात आणि तू पट्टी बांधतोस कपाळाला. मग बुवा गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला एक सेंसर असतो. गिअरबॉक्स किती फिरतोय ते तो मोजतो आणि वायरीतनं वर काट्याला कळवतो. त्याच्या टोकाचं प्लास्टिकचं दातेरी चाक पार झिजून गुळगुळीत झालं होतं. एक बोल्ट काढला, सॉकेट उपसलं, जुना बाहेर, नवीन आत. एवढ्याशा कामासाठी माझा डॅशबोर्ड खिळखिळा करून ठेवला. जुना सेंसर मी खिशात टाकला. शर्टाला तेल लागलं आणि पार्वती, माझी बायको, त्यावरून बोलली ते वेगळंच.

पण गाडी रस्त्याला काढली आणि काटा उठला. वीस, तीस, चाळीस. खोटं कशाला बोलू, जिवाला बरं वाटलं. त्याच खुशीत मी कशेळीला गेटावर पोचलो, आणि वॉचमन पंढरीनं दांडा उचललाच न्हाय. रोज मला बघून तंबाखूसाठी हात पुढं करणारा पंढरी खाली मान घालून उभा. मी हॉर्न वाजवला तसा आतनं दीपेश आला.

दीपेश म्हणजे माझा सख्खा भाचा, माझ्या बहिणीचा, गोदूचा मुलगा. गोदामात नुकताच सुपरवायझर लागलाय. पोरगा गाडी शिकला तो माझ्या याच पिकअपवर. त्याआधी, लहान होता तेव्हा, माझ्या शेजारी बसून ओरडायचा, मामा, काटा बघ, साठवर गेला, अजून पळव. जन्मल्यापासून मला अरे-तुरे करणारा पोरगा. आमच्यात मामाला तूच म्हणतात, आणि त्या 'तू'मध्ये जी माया असते ती शंभर 'तुम्ही'त येत न्हाय. तो गेटापाशी आला, माझ्या मागच्या टायरकडं बघत म्हणाला, "तुमची गाडी साहेबांनी बंद केलीय. तुम्ही जा." आणि पाठ फिरवून आत गेला.

बाकीचं मला पंढरीनं सांगितलं. गोदामातलं सूत वजनात कमी भरत होतं. कोण मारतंय ते मॅनेजरला सापडत नव्हतं. तो बाहेरचा माणूस, मराठी त्याला अर्धी कळते. माझा मेसेज त्यानं ऑफिसात मोठ्यानं वाजवला आणि दीपेशला विचारलं, ये क्या बोल रहा है? दीपेशनं सांगितलं, काँटा सेट करके माल उठाने आएगा. आता भिवंडीत लहान पोराला विचारा, काटा म्हणजे वजनकाटा, आणि काटा सेट करणं म्हणजे चोरी. एक शब्द पदरचा घातला न्हाय माझ्या भाच्यानं, आणि तरी मला चोर करून ठेवलं. खरे चोर आत मजेत बसलेत आणि फाशी संन्याशाला. मॅनेजरनं लगेच माझं नाव बाकी गोदामवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, या गाडीला कुणी माल देऊ नका. एकदा काटेमार म्हणून नाव झालं की मला भिवंडीत सुताचं एक रीळसुद्धा कुणी हातात देणार न्हाय.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मॅनेजरवरचा राग कमी होता. तो परका, त्याला काटा काय आणि सेट काय. पण हा? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काय उगाच?

पार्वती म्हणाली, गोदूच्या कानावर घाला. मी म्हटलं, बहिणीला कशाला मध्ये आणायचं, तिनं काय पाप केलंय? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेऊन सरळ तिच्या दारात उभी केली. गोदू चहा घे म्हणत होती. दीपेश बाईकला किक मारत होता. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, बस. तो बसला.

मी ठरवलं होतं, याला काटा दाखवायचा, मग बोलायचं. पण आमचं नशीब बघा, अंजूर फाट्याला कंटेनर आडवा झालेला. गाडी मुंगीच्या चालीनं सरकतेय आणि काटा दहाच्या वर चढत न्हाय. एवढा खटाटोप करून काटा जिवंत केला आणि दाखवायची वेळ आली तर रस्ता न्हाय. शेवटी मी खिशातला जुना सेंसर काढून त्याच्यासमोर डॅशबोर्डवर आपटला. त्याचा हात आपोआप पुढं गेला. झिजलेल्या दात्यांवरनं त्यानं बोट फिरवलं.

"तुला काटा म्हणजे काय ते ठाव न्हवतं?" मी विचारलं.

"ठाव होतं," तो म्हणाला.

मग हळूहळू बोलायला लागला. मॅनेजर रोज म्हणतो की गाववाले सगळे मिळालेले हायत. मामा हाय म्हणून सांगितलं असतं तर त्यानं दोघांनाही चोर ठरवलं असतं. नोकरी नवीन, नुकता कुठं घराला हातभार लागायला लागलाय. मी ऐकून घेतलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला, कारण खोटं बोलला असता तर मुस्काटात तरी ठेवून दिली असती.

"फेरी गेली तर मी दुसरी शोधीन," मी म्हटलं. "पण तू मला 'तुम्ही' म्हणालास, दीपेश. गेटावर, पंढरीसमोर. आपण एकमेकांचे कुणीच न्हाय असं दाखवायला."

कशेळीपर्यंत दीपेश सेंसर मुठीत धरून बसला होता.

गेटाच्या आत मॅनेजर ट्रकमधला माल मोजून घेत होता. दीपेश उतरला. मला वाटलं, जाईल आत मुकाट, कालच्यासारखा. तर हा सरळ मॅनेजरकडं गेला आणि त्याला माझ्या खिडकीशी घेऊन आला. डॅशबोर्डातल्या काट्यावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातातला सेंसर पुढं केला आणि म्हणाला, "सर, ये वाला काँटा. ये खराब हुआ था. मुझे उस दिन भी मालूम था. ये मेरे मामा हैं."

मॅनेजरनं काटा बघितला, सेंसर बघितला, मला बघितलं. आता माणूस काय म्हणेल? चुकलं म्हणेल, निदान बरं म्हणेल. तर म्हणतो कसा, ग्रुप में ठीक से बोलना चाहिए ना. म्हणजे चूक माझीच. माझ्या गावात, माझ्या भाषेत, माझ्या गाडीच्या काट्याला काटा म्हटलं, ही माझी चूक. माझ्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात तो दीपेशकडं वळून म्हणाला, तुम ऑफिस में आओ. ते कशासाठी ते आम्हा दोघांनाही कळलं, आता पोराच्या नोकरीवर येणार. दीपेशचा चेहरा उतरला.

तरी त्यानं पंढरीला हाक मारून दांडा वर घ्यायला लावला. मग माझ्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मामा, तू गाडी आत घे."

आणि तो ऑफिसच्या दिशेनं चालायला लागला. त्याच्यासाठी रात्रभर जमवून ठेवलेल्या शिव्यांतली एक मला आठवेना. मी गाडी आत घेतली. वजनकाटा डाव्या हाताला राहिला, पंढरी मागनं ओरडत होता की आधी वजन कर. वजन कुठं पळून जात न्हाय. मी पोराच्या मागोमाग गाडी नेली. त्याच्या चालीनं नेली, म्हणून काटा पाचाच्या पुढं गेला न्हाय. ऑफिसच्या दारात गाडी बंद केली, उतरलो आणि त्याच्याबरोबर आत शिरलो.