वार खाली आहे

"टावरला टांगा, मामा. दुधाला रेंज येईल."

टँकरच्या खिडकीतून सांडू हसत होता. केरबा हसला नाही. त्याने सायकलच्या कॅरिअरवरची गोणी चाचपली. आत कडब्यात गुंडाळलेला म्हशीचा जार होता, ती सकाळी व्याल्यावर पडलेला, अजून कोमट. आजवर प्रत्येक वेताचा जार त्याने पैठण रस्त्याच्या कडेच्या वडाला टांगला होता. आता तो वडच नव्हता. रस्ता रुंद करणाऱ्यांनी बुंधासुद्धा उपटून नेला होता आणि खड्ड्यात मुरूम भरला होता.

"कधी पाडला रे?"

"परवा. मी इथंच व्हतो. आता बिडकीनला कारखानं येनार, चिकाची झाडं कोन ठिवतंय? पुरून टाका कुठंबी."

"कुत्रे उकरतेत," केरबा म्हणाला आणि सायकल वळवली.

बऱ्याच अंतरावर, एका कोरड्या विहिरीच्या काठाला त्याला उंबर सापडला. अर्धा वाळला होता, पण फांदीला खाच पाडली तेव्हा चीक आला. गोणी बांधून त्याने गाठ दोनदा ओढून पाहिली.

चिकाच्या झाडाला जार टांगला की जनावराला दूध राहतं, असं सगळेच म्हणत. केरबाचं भय दुधाचं नव्हतं. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात तो मेंढरं घेऊन पाचोडच्या बाजूला उतरला होता. सोबत एक गाय होती. तिचा जार टांगायचा राहिला आणि कुत्र्यांनी ओढून खाल्ला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची बायको मनकर्णा पालावरच गेली, पोटातल्या लेकरासकट. कळाही धड सुरू झाल्या नव्हत्या. नुसतं रक्त जात राहिलं. घोंगडीच्या आडोशामागे कुणी बाई म्हणाली, जार कुत्र्यांच्या तोंडी गेला, दुसरं काय. अलीकडे केरबा बसला होता, मांडीवर छोटी शीला झोपली होती. त्याने ते ऐकलं, आणि पुढे एकही जार भुईवर राहू दिला नाही.

आता तीच शीला पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. वाळूजच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवत असे. आज सकाळी तिचा नवरा रामेश्वर तिला शहरात दाखवून आणून, घरी सोडून, तसाच शिफ्टला गेला होता.

केरबा अंगणात आला तर थोरली बहीण बानाबाई दारातच उभी.

"केरबा, चांगली खबर हाय. डॉक्टरनीनं मशिनीत बघितलं. वार खाली हाय म्हनं."

केरबाने सायकल भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यावर बसला. जनावराचा जार तीच बाईची वार, आणि अडकलेले जार त्याने पाहिले होते. तो वास, कोपरापर्यंत हात घालणारा डॉक्टर, लोंबत्या जाराला वजन म्हणून बांधलेली वीट. खाली आहे म्हणजे अर्धं काम झालं.

"लेक पटकन मोकळी व्हईल मग," तो म्हणाला.

"तेच तर. मी काय येगळं सांगू लागले?" बानाबाईने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

खाटेवर पडलेली शीला दोघांकडे बघत होती. बाकीचं न सांगण्याचं तिने वाटेतच ठरवलं होतं. पण गूळ बघून तिला दुसरीच भीती वाटली. वेळ आली तर घरात हीच दोन माणसं असणार होती.

"आबा, एक मिरची द्या. भज्याची, जाडी. आन् विळी."

"तिखट खायचं नाय तुला," बानाबाई म्हणाली.

"खात नाही, आत्या. द्या तर."

तिने कुशीवर होऊन मिरची उभी चिरली.

"ह्या बिया कशाला धरून आहेत, बघा."

"पांढऱ्या गराला," केरबा म्हणाला.

"ही मिरचीची वार. बी हिच्यावरच पोसतं. मिरचीत ती देठापाशी असते. पपईत चारी अंगांनी भिंतीला, लिंबात मधोमध. ज्याची त्याची जागा ठरलेली."

"म्हशीच्या जाराला गाठी असतेत. बटनावानी."

"हो. म्हशीचा जार गाठीगाठींनी सगळ्या पिशवीला धरतो. बाईची वार एकच, भाकरीसारखी. ती वरच्या अंगाला धरायला पाहिजे." शीलाने मिरची उलटी केली. देठ खाली आलं. "माझी इथं आहे. दारात. बाळाच्या पुढं. दार उघडायला लागलं की वार सुटणार, आणि बाळाआधी रक्त येणार. दुखणारसुद्धा नाही."

बानाबाईच्या हातातला उरलेला गूळ तसाच राहिला.

"रक्त दिसलं की कळांची वाट बघायची नाही. कुणी हात घालून बघायचं नाही. सरळ शहरात न्यायचं, मी शुद्धीवर असो नसो. कळलं ना, आबा?"

केरबाने ती अर्धी मिरची तिच्या हातातून घेतली.

"तुझ्या मायला बी दुखत नव्हतं," तो म्हणाला. "हसू लागली व्हती. म्हने, कळ नाय, काय नाय, नुसतं ओलं व्हतंय. मंग सुईनीनं हात घातला."

शीलाने विळी आडवी करून खाटेखाली सरकवली.

कुत्र्यांना भिणं सोपं होतं. त्यावर गोणी होती, झाड होतं, गाठ मारता येत होती. या नव्या भयाला बांधायला केरबाकडे काहीच नव्हतं. म्हशीला चारा छावणीत न्यायचं होतं. त्याने नेलं नाही. शीला खाटेवरून उठली की तो आधी गोधडीकडे बघे. ती मोरीत गेली की बाहेर उभा राहून उगाच खाकरे, आतून तिने "आहे, आबा" म्हणेपर्यंत.

"खुडूक कोंबडीवानी बसलास घरात," बानाबाई म्हणाली. "ती तरी अंडी उबवती."

पण तीही रात्री आता नेहमीसारखी दाराशी झोपत नव्हती. शीलाच्या खाटेशेजारी तिचं अंथरूण आलं होतं.

मग एका दुपारी, बाहेर टँकरवर हंड्यांची आदळआपट चालू असताना, शीलाने हाक मारली. हळूच, पाणी मागावं तशी.

"आबा."

गोधडी लाल झाली होती. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती.

"पानी पाज तिला," बानाबाई गडबडली. "जरा टेकू दे. कळ तर यिऊ दे एखादी."

"नाय," केरबा म्हणाला. थोरल्या बहिणीला त्याने आयुष्यात हा शब्द ऐकवला नव्हता.

फोन केला तर अँब्युलन्स पाचोडकडे गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. दारासमोरच्या विहिरीत टँकरची नळी सोडलेली होती. "सांडू, नळी काढ," केरबा ओरडला. भोवतालच्या बाया वळल्या. अजून निम्मं पाणी आहे की, असं एक म्हणाली, आणि मग तिने उंबऱ्यातली शीला पाहिली. दोघींनी हंडे खाली ठेवून तिला केबिनमध्ये चढवायला हात लावला.

शीला सीटवर आडवी, डोकं केरबाच्या मांडीवर. ब्रेक लागला की मागे टाकीत पाणी धडका देई. उकरलेल्या रस्त्यावरची धूळ काचेवर येत होती. सांडूने एकही विनोद केला नाही.

"मामा, बोलत राहा तिच्याशी. झोपू देऊ नका."

केरबा तिच्या तोंडाशी वाकला.

"पपईत कुठं असती गं वार?"

"भिंतीला."

"आन् लिंबात?"

"मधी."

"वांग्यात?"

केरबाने तिचा गाल थोपटला.

"शीले, वांग्यात कुठं असती?"

सांडूने हॉर्नवर हात दाबला तो काढलाच नाही.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर लोकांनी चपला काढल्या होत्या, त्यांत केरबाने आपल्या काढल्या. रामेश्वर कंपनीच्या कपड्यांतच आला. त्याच्याबरोबर शिफ्टमधली पोरं होती. ती रक्त द्यायला खाली गेली. केरबा भिंतीला टेकून बसला. दार उघडे, कुणी पळत बाहेर येई, कुणी पळत आत जाई, आणि दर वेळी त्याला घोंगडीचा आडोसा हललेला दिसे.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून गेलं, तेव्हा सिस्टर बाहेर आली.

"आई आहे. रक्त खूप गेलं, पण आहे. मुलगी झाली. लहान आहे, काचेत ठेवलीय."

रामेश्वर खाली बसून रडू लागला. केरबा म्हणाला, "व्हय." आणि उठून उभा राहिला.

थोड्या वेळाने आया ढकलगाडी घेऊन निघाली. तो पुढे झाला.

"मावशी, तिची वार?"

"घरी न्यायला देत नाहीत, बाबा. पिवळ्या पिशवीतच जाती, जाळायला."

"न्यायची नाय. दावता का?"

आयाने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड उघडलं. म्हशीचे, गाईंचे, मेंढ्यांचे किती जार त्याच्या हातून गेले होते. बाईची वार तो पहिल्यांदा बघत होता. एका बाजूने जरा फाटलेली, जाड भाकरीएवढी. मनकर्णाची कुणी पाहिलीच नव्हती. ती तिच्याबरोबरच मातीत गेली होती.

"पुरी हाय का? तुकडा आत ऱ्हायला तर सडतो."

"डॉक्टरनं बघितली. पुरी हाय."

तिने पिशवीला गाठ मारली, इतर पिशव्यांत ठेवली आणि गाडी ढकलू लागली. मागून अनवाणी पावलं येताहेत, हे तिला पॅसेजच्या टोकाला कळलं.

"बाबा, तिकडं काय नाय. कचऱ्याची खोली हाय."

"म्हाईत हाय," केरबा म्हणाला. "चार पावलं येतो."

आयाने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खांद्यावरून नीट घेतला आणि गाडी सावकाश चालवली.