दिलीपराव, इसवी सनापूर्वी

दिलीपराव लेकीकडे आयर्लंडमध्ये मेनूथला पाहुणे म्हणून आले आणि वारले. दहन डब्लिनला झालं. स्मशानवाल्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या डब्यात भरून दिलं.

"हे काय प्रोटीन पावडर आहेत?" माधवीबाई लेकीवर कडाडल्या. "मडकं आण, मुक्ते. आणि अस्थी घरात आणायच्या नाहीत."

गावी झाडाला टांगल्या असत्या. इथे टांगल्या तर शेजारीण पोलिसांना बोलावणार.

मुक्ता ग्रीक पुरातत्त्वाच्या तिथल्याच एका संस्थेत जुनी हाडं तपासायची. तिथे विद्यार्थ्यांसाठी बनवलेली नकली ग्रीक मडकी होती. एकात तिने बाबांना ओतलं, लाल फडकं बांधलं आणि उत्खननातल्या अस्थींच्या कपाटात ठेवलं. नाशिकला नेईपर्यंत तिथे ते सुखरूप राहतील, असा तिचा हिशेब. मग ती सुतकाच्या रजेवर गेली.

विमानाच्या आदल्या दिवशी ती अस्थी घ्यायला आली, तर कपाट रिकामं. अथेन्सने आपली हाडं परत मागवली होती. दारात ट्रक भरून उभा होता.

"लाल फडक्याचं मडकं कुठंय?"

"फडकं घाण होतं, काढलं," सहकारी ओशीन म्हणाला. "आतला गडी मात्र मस्त जळालाय!"

"तो गडी माझे वडील आहेत."

ओशीन मटकन खोक्यावर बसला. आत कोण असेल या विचाराने लगेच उठला.

ग्रीक सरकारच्या एलेनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सील लागलं की आतलं सगळं ग्रीसचं. हाडं सोडताना संशोधक रडतातच."

"अहो, पण मडकं नकली आहे!"

"ते आम्ही ठरवू. अथेन्सला नमुना जाळून वय काढतात. नवा निघाला तर परत पाठवू."

ट्रक निघाला. माधवीबाई बाहेर गाडीत बसल्या होत्या. मुक्ताने खिडकीशी वाकून सगळं सांगितलं.

"पुन्हा जाळणार?"

"चिमूटभरच, आई."

"काही गरज नाही. राहू देत तिथे. समुद्र आहे ना?"

"संग्रहालयाचं तळघर आहे. ओल लागू देत नाहीत. हजार वर्षं जसेच्या तसे राहतील."

माधवीबाईंचा चेहरा उतरला. "हजार वर्षं? पाण्याशिवाय?" त्यांनी ट्रक गेलेल्या वळणाकडे हात केला. "जा. जाळा म्हणावं."

मुक्ता आत जाऊन तपासणीच्या अर्जावर सही करून आली. "नंबर लागायला काही वर्षं जातील म्हणाल्या एलेनीबाई."

माधवीबाईंनी नाशिकला फोन लावला.

"गुरुजी, परवाचं राहू द्या. ह्यांना यायला उशीर होणार आहे."