मंत्रीमहोदय फीत जोडतात

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, ‘जुना’ म्हटल्याबरोबर हळहळू नका. मी भंगारात नाही, माळ्यावरही नाही. एका शाळेच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात मी ऐटीत बसलो आहे, आणि माझ्या कपाटाला कुलूप नाही. का नाही, ते ओघाने येईलच.

माझा जन्म एका सरकारमान्य कारखान्यात झाला. पोटात दिवा, पुढे भिंग, वर दोन हात: एका हातात भरलेले रीळ, दुसऱ्या हातात रिकामे. आणि कुशीला एक बोटभर दांडा. तो पुढे ढकलला की चित्र पुढे जायचे, मागे ओढला की मागे. दांडा बसवणाऱ्या मिस्त्रीने शेजारच्याला विचारले होते, “हे मागे जायचं कशाला ठेवलंय रे? सिनेमा कोण मागे बघतं?”

“आराखड्यात आहे ना? मग बसव की गुपचूप. सरकारी मालाला कारण विचारू नये.”

अशा रीतीने माझे भाग्य माझ्या कुशीला बसले.

मग मला लाकडी खोक्यात घातले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले ‘सदिच्छा भेट’ आणि त्याखाली ‘उलटे ठेवू नये’. बोटीने मी परदेशी निघालो. पूर्वी एखाद्या राजाला दुसऱ्या देशात आपला दबदबा निर्माण करायचा असला की तो तोफा पाठवी. पुढे सरकारे शहाणी झाली. तोफ महाग पडते, शिवाय लोकांचे मन दुखावते. म्हणून मग नर्तक, गवई, पुस्तके आणि माझ्यासारखी यंत्रे पाठवायची पद्धत पडली. लोकांनी आपल्याला भिण्यापेक्षा आपल्यावर लोभ करावा, असा तो बेत. त्याला ‘सांस्कृतिक संबंध’ म्हणतात. फरक इतकाच, की तोफ एकदाच धडाडते आणि मी तासभर खडखडत असे.

माझी नेमणूक एका मध्यम शहरातल्या आमच्या देशाच्या सांस्कृतिक केंद्रात झाली. खाली वाचनालय, वर एक दिवाणखाना, त्यात लाकडी खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. केंद्राच्या अधिकारी होत्या ताई. सगळे त्यांना ताईच म्हणत. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणाऱ्या. सहा वर्षे त्या तिथे आमची भाषा शिकवीत होत्या. विद्यार्थी मोजके: कोपऱ्यावरचा शिंपी, बेकरीवाल्या आजीबाई आणि पावसापाण्याला आडोशाला येणारा एक टपालवाला.

मला चालवायला फिरकीमामा होते. रिळे फिरवून फिरवून त्यांचे नावच तसे पडले होते. मामा मला रोज पुसत, आठवड्याला तेलाचा थेंब देत आणि खेळ सुरू झाला की शांतपणे झोपत. त्यांचा दोष नव्हता. राजधानीहून आम्हाला एकच रीळ धाडले होते. नाव होते ‘देश पुढे जात आहे’. त्यात कारखाने होते, चिमण्या होत्या, भिंत बांधणारे गवंडी होते, डबा खाणारे कामगार होते, आणि शेवटी एक मंत्रीमहोदय मोटारीतून उतरून नव्या पुलाची फीत कापत, कबुतरे सोडत आणि भाषण करीत. भाषण लांबलचक होते. पहिल्या चिमणीलाच शिंप्याची मान कलायची.

आणि रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, दुसऱ्या एका बड्या देशाचे केंद्र होते. संगमरवरी पायऱ्या, मखमली खुर्च्या, रंगीत सिनेमे आणि वर फुकट बिस्किटे! आमच्या खिडकीतून त्यांची रांग दिसायची. मामा म्हणायचे, “ताई, आपण निदान चणेफुटाणे तरी ठेवूया.”

“मामा, मंजुरी घ्यावी लागेल.”

“मग राहू द्या. मंजुरी येईपर्यंत चण्यांना मोड येतील.”

त्या वर्षी एक घटका अशी आली की सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. शहरातल्या मोठ्या शाळेत एक परदेशी भाषा सुरू करायचे ठरले. एकच. आमची किंवा पलीकडच्यांची. निर्णय मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांची समिती घेणार होती, आणि पालकांतर्फे शिंपी त्या समितीत होता. आमच्या राजदूत साहेबांनी ताईंना बोलावून स्वच्छ सांगितले, “भाषा लागली तर केंद्र राहील. नाही लागली तर कुलूप. तुमची बदली राजधानीत तळघरात, जुन्या दप्तरांच्या विभागात. यंत्र भंगारात.”

यंत्र म्हणजे मी.

ताईंनी मुख्याध्यापिकाबाईंना आणि समितीला खेळाचे आमंत्रण दिले. आणि नेमके त्याच दिवशी फिरकीमामांचे गुडघे धरले. मामांनी घरून निरोप धाडला, ‘दांडा पुढे ढकला, बाकी तो स्वतः बघतो.’ तो म्हणजे मीच. ताई भाषाशास्त्रात पारंगत होत्या, पण यंत्राच्या बाबतीत आनंदीआनंद. त्यांनी मला बोटांच्या टोकांनी असे हात लावले, जणू मी चावेन.

तरी खेळ रीतसर झाला. चिमण्या आल्या, शिंपी झोपला, मंत्रीमहोदयांचे भाषण झाले, रीळ संपले. मुख्याध्यापिकाबाईंनी सभ्यपणे टाळ्या वाजवून पर्स उचलली. लोक उठू लागले. ताईंचा चेहरा पाहवत नव्हता. काहीतरी करायचे म्हणून त्या रीळ परत गुंडाळायला लागल्या. खरे तर त्यासाठी आधी माझा दिवा मालवायचा असतो. ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी दांडा थेट मागे ओढला.

आणि मित्रांनो, पडद्यावर सृष्टी फिरली.

मंत्रीमहोदय भाषण गिळू लागले. शब्द उलटे येत होते, पण बहुतेक प्रेक्षकांना ती भाषा तशीही कळत नव्हती, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. आकाशातली कबुतरे भरारा खाली आली आणि शहाण्यासारखी त्यांच्या हातात जाऊन बसली. मग महोदयांनी तबकातून कात्री घेतली, लोंबणारी दोन टोके उठून एकमेकांना भेटली, आणि त्यांनी कात्रीने फीत जोडून टाकली! नंतर कोणाकडेही पाठ न करता ते मागच्या पावली मोटारीत शिरले आणि मोटार भुर्रकन मागे निघून गेली.

दारापर्यंत गेलेले लोक थबकले. शिंपी खडबडून जागा झाला आणि ओरडला, “अहो! चाळीस वर्षं धंदा केला, पण कात्रीनं शिवणारा माणूस आज पाहिला!”

“आणि न बोलता निघून गेलेला मंत्रीसुद्धा,” बेकरीवाल्या आजीबाई म्हणाल्या. “ह्यांना आमच्याकडे पाठवा म्हणावं.”

मग कामगारांनी तोंडातून अख्खे घास काढून डबे गच्च भरले. विटा भिंतीवरून उडून गवंड्यांच्या हातांत आल्या. काळा धूर गुमान चिमणीत परतला. खोली हसून हसून हालत होती. मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत होत्या. अंधारात ताई मात्र दांडा धरून उभ्या. त्यांना वाटत होते की आपण देशाची अब्रू रिळावरून उतरवली.

दिवे लागल्यावर बाईंनी विचारले, “हे मुद्दाम केलंत?”

ताईंनी खोटे बोलायचा प्रयत्न केला, पण तो विषय त्यांनी कधी शिकवला नव्हता. “नाही हो. चुकून झालं.”

“मग पुन्हा चुका. पुढच्या आठवड्यात मी सगळ्या शिक्षकांना घेऊन येते. तुमच्या भाषेत ह्याला काय म्हणतात?”

“उलटा,” ताई म्हणाल्या.

तो त्या शहराने शिकलेला आमच्या भाषेचा पहिला शब्द. पुढच्या खेळाला जिन्यापर्यंत गर्दी. त्याच्या पुढच्या खेळाला रस्त्यापर्यंत. सुलटा खेळ संपला की सगळी खोली एका सुरात पुकारे, “उलटा! उलटा!” वाचनालयात मुले येऊ लागली. उलट्याला शब्द आहे तर हसण्याला काय आहे, परत येण्याला काय आहे, हे विचारू लागली. पलीकडच्या केंद्रातली बिस्किटे मऊ पडली. परतलेल्या फिरकीमामांना तर झोपायलाही सवड मिळेना. “ताई,” ते म्हणाले, “मी आयुष्यभर सरळ चाललो, काय मिळालं? गुडघेदुखी!”

राजदूत साहेबांनी फक्त गर्दी ऐकली, कारण नाही ऐकले. त्यांनी मोठ्या आनंदाने राजधानीला कळवले की केंद्र ओसंडून वाहते आहे. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. खुद्द मंत्रीमहोदय पाहणीला आले. तेच. पडद्यावरचे.

पहिल्या रांगेत महोदय, शेजारी साहेब, पलीकडे मुख्याध्यापिकाबाई आणि समिती. दुसऱ्या दिवशी भाषेचा निर्णय. साहेबांना खरा प्रकार तासभर आधी कळला होता आणि त्यांचा चेहरा पडद्याइतका पांढरा झाला होता. ते ताईंच्या कानाशी येऊन म्हणाले, “खबरदार. फक्त सुलटा.”

सुलटा झाला. शिंपी झोपला. मग खोली एका सुरात उठली, “उलटा! उलटा!”

मंत्रीमहोदय प्रसन्न झाले. “वा! आपल्या भाषेत? काय म्हणतायत?”

“जयजयकार चाललाय, महोदय,” साहेब म्हणाले.

“उलटा म्हणजे जयजयकार?”

साहेबांनी ताईंकडे पाहिले. फिरकीमामांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढे येऊन म्हणाल्या, “महोदय, जयजयकार नाही. ही माणसं तुम्हाला उलटे बघायला येतात. माझ्या हातून चूक झाली, ती ह्यांना आवडली. दाखवू का?”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. महोदयांनी घसा खाकरला. “दाखवा.”

ताईंनी मामांना बाजूला सारले आणि स्वतःच्या हाताने, या वेळी मुठीत घट्ट धरून, दांडा मागे ओढला.

मी आयुष्यात इतका छान कधी खडखडलो नाही. कबुतरे परतली. फीत जुळली. कोणी हसेना, सगळे पहिल्या रांगेकडे बघत होते. मोटार मागे निघून गेली तेव्हा महोदय म्हणाले, “अहो, थांबवा जरा.”

ताईंनी मला थांबवले.

“ती फीत पुन्हा दाखवा. तीस वर्षं राजकारणात आहे, काहीतरी जोडताना मी पहिल्यांदाच दिसतोय.”

आणि ते असे हसले की त्यांची खुर्ची मोडली. खरोखरच मोडली, सरकारी होती. शिंप्याने त्यांना हात देऊन उठवले, आणि त्यानंतर जो हशा पिकला तो पलीकडच्या संगमरवरी पायऱ्यांपर्यंत ऐकू गेला. तिथले दरवानसुद्धा खिडकीखाली येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी समितीने एकमताने आमची भाषा निवडली. मुख्याध्यापिकाबाई ताईंना म्हणाल्या, “समोरचे लोक आम्हाला सांगत होते, ते किती मोठे आहेत. तुमचा माणूस चारचौघांत पडला आणि हसत उठला. मुलांना अशांची भाषा शिकवायला मला आवडेल.”

केंद्र राहिले. ताई राहिल्या. मामांना मंजुरी मिळून चणे आले, थोडे उशिरा, पण मोड न आलेले. राजधानीत मात्र लगेच एक ‘उलट चित्रपट मंडळ’ स्थापन झाले. उलटे दाखवण्यासाठीच मुद्दाम काढलेले बोधपट त्यांनी देशोदेशी धाडले. ते पाहून कोणी हसले नाही. चुकीला समिती नेमली की तिची चव जाते, इतके साधे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

पुढे व्हिडिओ आला, मग हातात मावणारे पडदे आले. मी काही वर्षे वाचनालयाच्या जिन्याखाली धूळ खात पडलो. भिंगाला बुरशी धरली. एक दिवस ताईंच्या जागी नव्या अधिकारी आल्या. त्या याच शहरातल्या, शाळेच्या त्या पहिल्या वर्गातल्या. आमची भाषा आमच्यापेक्षा शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी मला पुसले, तेल दिले आणि शाळेत आणून बसवले. कुलूप लावायला आलेल्या सुताराला म्हणाल्या, “नको. मुलांना दांडा ओढता आला पाहिजे.”

तर मित्रांनो, एवढेच मागतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, भिंगावर फुंकर घाला, फेकायची घाई करू नका. आणि उद्या तुमच्यातले कोणी अधिकारी, राजदूत किंवा मंत्री झाले, तर आपल्या खुर्चीच्या कुशीला एक मागे जाणारा दांडा जरूर बसवून घ्या. खुर्ची मात्र मजबूत घ्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पावले येताहेत. ऐका, व्हरांड्याच्या टोकापासूनच ओरडत येताहेत, “उलटा! उलटा!”