बंद पडलेल्या क्लबचा सामना

शेबॉयगन स्टर्जन्स हा फुटबॉल क्लब बुधवारी बंद पडला आणि रॉली क्रूगरच्या तोंडचं पाणी पळालं. क्लबचा मालक गाद्या विकायचा. अमेरिकेला हा खेळ काही झेपत नाही, असा शोध त्याला दोन हंगामांनंतर लागला आणि त्याने कुलूप ठोकलं. बाकी खेळाडू दुसरीकडे जागा शोधायला लागले. रॉली कुठे शोधणार? तो छत्तीस वर्षांचा राखीव गोलकीपर. दोन्ही हंगाम बाकावर बसून काढलेले. मुख्य गोलकीपर मॅकफी इतका ठणठणीत, की मेल्याला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. खऱ्या व्यावसायिक सामन्यात एकदा तरी गोलात उभं राहायचं, एवढंच रॉलीला हवं होतं. आता तेही गेलं.

तरी शनिवारी तो मैदानावर गेलाच. अर्धं गाव तिथे होतं. शनिवारी कोळशावर सॉसेजं भाजायची आणि बिअर प्यायची, त्यासाठी क्लब कशाला लागतो? रॉलीची बायको डॉरीन सामन्यांचं निवेदन करायची. सामना नव्हता, तर ती माइकवरून सॉसेजच्या रांगेचं निवेदन करत होती.

"श्रीयुत बेहनके तिसऱ्यांदा रांगेत. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा, श्रीयुत बेहनके."

तेवढ्यात फाटकातून बस आत आली. पिओरियाचा संघ! क्लब बंद झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. पंच हानके बाईंनाही नाही. त्या शिट्टी गळ्यात घालून हजर.

"सहा तास बसून आलोय, राव," पिओरियाचे प्रशिक्षक झेलेंका कंबर धरून म्हणाले. "आता परत त्याच बसमध्ये बसू?"

"सात जण असले तर सामना होतो," हानके बाई म्हणाल्या.

सहा खेळाडू सॉसेजच्या रांगेतच सापडले. मॅकफी गुरुवारीच गाव सोडून गेला होता. सगळ्यांनी रॉलीकडे पाहिलं. रॉलीने हातातला पाव तसाच बेहनकेंच्या हातात कोंबला आणि कपडे बदलायला धूम ठोकली.

पुढचा दीड तास काय वर्णावा! पिओरियाचे अकरा गडी, आपले सात, त्यांतल्या दोघांच्या पोटात बिअर. रॉली उजवीकडे झेपावला की चेंडू डावीकडून आत. तो जागेवर उभा राहिला की दोन पायांच्या मधून. पण त्याने एक चेंडू अडवला, तोही नाकाने, आणि गावाने असा गलका केला की झेलेंकांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"हा आमचा नवरा," डॉरीन माइकवरून सांगत होती. "नाक त्याच्या आईकडून आलंय."

रॉलीला हसू आवरत नव्हतं. गोल खाऊन हसणारा गोलकीपर पिओरियावाल्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे तो डॉरीनला कधीच सांगणार नव्हता.

शेवटची शिट्टी झाल्यावर हानके बाई त्याला बाजूला घेऊन गेल्या. बाई मनाने फार मऊ.

"हे बघ रॉली, तुमचा क्लब तसा बंदच होता. मी लीगला तसं कळवते. तुमचा संघ आलाच नाही म्हणून पिओरियाला तीन-शून्य असा विजय बहाल होईल आणि ही फजिती कुठे दिसणार नाही."

"म्हणजे सामना झालाच नाही असं?"

"झालाच नाही. तुझं नाव कशातच येणार नाही."

"कळवू दे की, रॉली," मागून कुणीतरी म्हणालं. "गावाची अब्रू वाचेल."

रॉलीचं हसू मावळलं. सुजलेलं नाक त्याने बाहीला पुसलं.

"नाही बाई. सामना झालाय. मी गोलात होतो."

"अरे, अकरा-शून्य लिहावं लागेल मला. नीट विचार कर."

"अकरा?" रॉली दुखावल्यासारखा म्हणाला. "बारा झाले, बाई. शेवटून दुसरा जाळीच्या भोकातून पार गेला, तो तुम्हाला बाहेर वाटला. तोही माझाच आहे. तोही धरा."