नॉर्मल माणसाचं रक्त

प्रयोगशाळेत बाईंच्या नवऱ्याला कुणी नावाने ओळखत नसे. तिथे त्यांचं नाव 'नॉर्मल'. संशोधनाच्या सुरुवातीला बाईंना तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, आणि निरोगी माणूस घरात आयता बसला होता. नळीवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं ते गेलंच. दर तीन महिन्यांनी गृहस्थ बाही सरसावून येत, रक्त देत, दोन बिस्किटं खात आणि जाताना बजावत, "सांभाळून ठेवा रे. तुमचं सगळं शास्त्र माझ्या जिवावर चाललंय."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. बाईंचा विषय ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखरेच्या बारीक फांद्या फुटलेली प्रथिनं. शरीरात कुठेही सूज येऊन दाह सुरू झाला की रक्तातल्या अशा काही प्रथिनांच्या फांद्यांची ठेवण बदलते. ती ठेवण वाचून दडलेला दाह पकडायचा, ही बाईंनी तीस वर्षं घासून बसवलेली पद्धत. नातेवाइकांना त्यातला 'साखर' एवढाच शब्द कळला होता. त्यामुळे बाई कुठल्याही लग्नाला गेल्या की कुणी ना कुणी मधुमेहाचे रिपोर्ट घेऊन त्यांना गाठायचंच.

आता निवृत्ती तोंडावर आली होती. सगळ्या कामाचं सार असलेला शेवटचा शोधनिबंध परीक्षकांकडे गेला होता, आणि त्यांनी ताज्या नमुन्यांवर एकदा पडताळा मागितला होता. तेवढा झाला की बाई सुटल्या.

पडताळ्याच्या दुसऱ्याच दिवशी पीएचडीची विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, नॉर्मल बिघडलेत."

"म्हणजे?"

"त्यांचा आलेख संधिवाताच्या पेशंटसारखा येतोय."

"नळ्यांची अदलाबदल केली असशील."

"तिसऱ्यांदा करून मगच आले."

बाईंनी स्वतः करून पाहिलं. आलेख जागचा हलेना. मग संशयाचं सत्र सुरू झालं. एन्झाइम नवं मागवलं, पाणी बदललं, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "सरांनाच काही झालं नसेल ना?"

"ह्यांना? लग्न झाल्यापासून ह्यांना साधी शिंक आलेली आठवत नाही मला."

एकेक संशयित सुटत गेला आणि शेवटी पद्धत तेवढी उरली.

त्या संध्याकाळी जेवताना बाई म्हणाल्या, "उद्या निबंध मागे घेते."

"का गं?" नवरा दुधात पाव बुडवून खात होता. महिनाभर तो तेच खात होता. वय झालं की हलकं खावं, असं त्याने सांगितलं होतं.

"धडधाकट माणसाला आजारी ठरवणारी पद्धत कोण वापरेल? तीस वर्षं पाण्यात गेली."

नवऱ्याचा हात थांबला. त्याने एकदा पावाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"समजा," तो म्हणाला, "एखाद्या नॉर्मल माणसाची दाढ..."

"दाढेचं काय?"

"काही नाही. नुसतं समजा. जरा ठणकत असेल."

"कुणाची?"

"आहे एक ओळखीचा."

बाई उठल्या आणि टॉर्च घेऊन आल्या. "आ करा."

"जेवताना कसला आ?"

"आ करा म्हणते ना!"

खालच्या डाव्या दाढेपाशी हिरडी टम्म फुगली होती.

"अहो, पू आहे! पू!" बाई इतक्या आनंदाने ओरडल्या की शेजारीण धावत आली.

"काय झालं हो?"

"ह्यांना पू झालाय!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेजारीण दारातच घुटमळली. "बरं झालं," म्हणून ती परत गेली.

"आधी बोलायला काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"दाढ काढायच्या विचारानेच घाम फुटतो मला. आणि आजारी माणसाला तू नॉर्मल ठेवलं असतंस का?"

बाईंनी टॉर्च विझवला.

सकाळी नवरा आपण होऊन दातांच्या डॉक्टरकडे निघाला. बाई दारात आडव्या उभ्या.

"आधी रक्त."

"अगं, जीव चाललाय माझा."

"प्रयोगशाळेवरून जाऊ दे त्याला. वाटेतच आहे."

दाढ निघाली. त्यानंतरच्या प्रत्येक नमुन्यात आलेख उतरत गेला आणि महिन्याभरात मूळ जागी येऊन बसला. आपला निरोगी माणूस निरोगी नव्हता, आणि हे आपल्याआधी आपल्या पद्धतीला कळलं, असं बाईंनी निबंधात सरळ लिहून टाकलं. परीक्षक खूश झाले. निबंध स्वीकारला, फक्त यापुढे तुलनेसाठी एकाच माणसावर विसंबू नये, अशी तंबी दिली.

बाईंनी हे घरी जपून सांगितलं. नवऱ्याचं तोंड पडलं.

"म्हणजे काढलंस मला. आणि माझ्या जागी कोण?"

"वीस जणांचं रक्त एकत्र करून वापरणार."

"वीस?"

"वीस."

नवरा ताडकन उठला. मग चपला घालून, आपल्या एकट्याच्या जागी वीस माणसं लागतात हे शेजारी सांगायला गेला.